जड नाव

१२ मे, सोमवार

पार्जोनो यंदाही येत नाही. काल फोनवर सांगितलं, शाळेच्या सुट्टीतही कारखाना चालू आहे, जास्तीचं काम आहे. गेल्या वर्षी जास्तीचं काम होतं. त्याच्या आधी मालकाच्या मुलीचं लग्न होतं. मलेशियातल्या मुआरमध्ये खुर्च्या-कपाटं करायला गेलेले आमच्या गावचे बाकीचे लोक ईदला घरी येतात, पिशव्या भरभरून चॉकलेटं आणतात. ह्याच्याच खुर्च्या कधी पुऱ्या होत नाहीत.

विलुजेंग तीन वर्षांची होती तेव्हा तो मलेशियाला गेला. आता ती आठची आहे. बाप म्हणजे फोनच्या काचेतलं एक तोंड, तेही अर्धं, कारण त्याला फोन सरळ धरता येत नाही.

मी म्हटलं, "तुम्ही येत नाही ना? मग आम्हीच येतो." तो हसला. मी हसले नाही. (समोर त्याला 'तुम्ही' म्हणते, वहीत 'तो' म्हणते. वही काही सासूबाईंना सांगायला जात नाही.)

सासूबाई आतून म्हणाल्या, "मीपण येणार." बाजाराच्या पलीकडे गेल्या की ज्यांची एक चप्पल हरवते, त्या विमानात बसणार आहेत.

१४ मे, बुधवार

आज पासपोर्टसाठी कागद काढले. आमचे सगळे कागद बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात असतात. कुटुंबाचं कार्ड निघालं, लग्नाची हिरवी पुस्तिका निघाली, आणि मग विलुजेंगचा जन्मदाखला निघाला. सासूबाईंनी तो झडप घालून पालथा ठेवला आणि वर बशी ठेवली.

अडचण इथेच आहे. पासपोर्ट जन्मदाखल्यावरून होतो, आणि जन्मदाखल्यावर ते दुसरं नाव आहे.

पोरगी जन्मली तेव्हा पार्जोनोने स्वतः शोधून तिचं नाव ठेवलं होतं. तीन शब्दांचं, राजवाड्यात शोभेल असं. "मी पार्जोनो, आई तुकिनेम. आमच्या घरात एकाला तरी नाव असू दे," म्हणायचा. दवाखान्यातल्या अर्जावर त्याने ते लिहिलं तेव्हा परिचारिकेने जास्तीचा कागद दिला. पण पोरगी सारखी आजारी पडायची. ताप, झटके, पुन्हा ताप. डॉक्टर औषध देत होते आणि सासूबाई म्हणत होत्या की नाव जड झालंय, एवढ्याशा जिवाला पेलत नाही. आमच्याकडे कोणालाही विचारा, असं होतं. शेवटी लाल आणि पांढरी खीर शिजवली, शेजारीपाजारी बोलावले आणि नाव बदललं. विलुजेंग, म्हणजे सुखरूप. पोरगी बरी झाली. औषधाने बरी झाली असं डॉक्टर खात्रीने सांगतात, खिरीने झाली असं सासूबाई खात्रीने सांगतात.

तेव्हापासून ते नाव घरात कोणी उच्चारलेलं नाही. शाळेतल्या बाईंनाही सांगून ठेवलंय. पोरीला स्वतःला ते माहीत नाही. पार्जोनो तर खिरीनंतर थोड्याच दिवसांत मुआरला गेला. तो तिला नुसतं 'बाळा' म्हणतो, विलुजेंगही म्हणत नाही. त्याला नावं लक्षात राहत नाहीत, मलाही तो 'ऐकलंस का' म्हणतो.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, मी बारावी शिकलेली बाई आहे. ते नाव इथे लिहीत नाही ते केवळ लांब आहे म्हणून. वह्या महाग झाल्यात.

१९ मे, सोमवार

ग्रामकचेरीतल्या कारकुनांना विचारलं, कागदावरचंच नाव बदलून मिळेल का. म्हणाले, "मिळेल की मुर्वानीताई. कोर्टात अर्ज, साक्षीदार, तारखा. पुढच्या रमजानपर्यंत होईल, देवाची इच्छा असली तर."

पार्जोनोला फोनवर सांगितलं. वाटलं चिडेल. तो एकदम खूश. "बरं झालं. आधी ते नाव कोर्टातून काढून टाका, मग सावकाश या. घाई कसली?"

"तिच्या लग्नात आणते ना," मी म्हटलं. "नवरदेवालाच म्हणेन, पुढे हो बाबा आणि सासऱ्याची ओळख करून घे."

कागदपत्रं म्हटली की हा माणूस पळ काढतो. मी ठरवलंय. आहे त्या नावावर पासपोर्ट काढायचा, गुपचूप जायचं आणि गुपचूप यायचं. नाव कागदावरच राहील, तोंडावर येणार नाही. सासूबाई 'बरं' म्हणाल्या, पण तीन वेळा म्हणाल्या.

२० मे, मंगळवार

मी विकते त्या पेचेलमधली, म्हणजे उकडलेल्या भाज्यांवर घालायची, शेंगदाण्याची चटणी आज खारट झाली. सगळ्या गिऱ्हाइकांनी नाकं मुरडली. शाळेचे शिपाई तेवढे दोनदा घेऊन गेले.

२७ मे, मंगळवार

मुलीला परदेशी नेण्यास बापाची हरकत नाही, असं बापाच्या हातचं पत्र लागतं. सरकारी तिकीट चिकटवून त्यावर सही हवी. मुआरहून आज ते आलं. सही आहे, तिकीट आहे, माझं नाव आहे, गावाचं नाव आहे. 'माझी मुलगी' याच्यापुढे मात्र नुसती मोकळी जागा. किती धांदरट असावं माणसाने! मुद्द्याचीच गोष्ट विसरला.

परत पाठवायचं तर पुन्हा आठवडा जाईल. मी भरणार होते, पण माझं अक्षर चांगलं नाही. म्हणून झेरॉक्सच्या दुकानातल्या सुमारनी हिला जन्मदाखला दाखवला आणि तिच्याकडून भरून घेतलं. ती लिहिताना मी बाहेर उभी होते. आत उकडत होतं.

३ जून, मंगळवार

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

पासपोर्ट कचेरीत आमचा नंबर दुपारी लागला. समोर चष्मा लावलेले तरुण साहेब होते, बोलायला अगदी मऊ. त्यांनी पत्र उजेडात धरलं.

"हे कोणी लिहिलंय?"

"माझ्या नवऱ्याने."

"सगळं?"

"सगळं."

"मग मुलीचं नाव वेगळ्या शाईत आणि वेगळ्या अक्षरात कसं?"

साहेबांनी विलुजेंगकडे बघून ते नाव घेतलं, पूर्ण, हसून. त्याच क्षणी सासूबाईंनी पुढे झेपावून पोरीचे दोन्ही कान झाकले. पण उशीर झाला होता. विलुजेंगने मागे वळून पाहिलं, साहेब कोणाला हाक मारतायत म्हणून.

"तुझं नाव काय बाळ?"

"विलुजेंग."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. ते म्हणाले, "ताई, दुसऱ्याची मुलं दुसऱ्याच्याच कागदांवर नेणारे लोक रोज या खुर्चीत बसतात. तुम्ही तशा नाही असं मला वाटतं. पण माझ्या वाटण्यावर शिक्का मारता येत नाही." मग सासूबाईंना विचारलं, "आजी, तिचे कान का झाकलेत?"

"जड नाव आहे साहेब. जरा हळू घ्या."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "माझ्या धाकट्या भावाचंही बदललं होतं."

"जगला?"

"बँकेत आहे. चांगला जाडजूड आहे."

सासूबाईंनी माझ्याकडे अशी मान हलवली, जणू बँकेतली नोकरीही खिरीनेच लागली. पण साहेबांनी फाईल परत दिलीच. पत्रात नाव बापाने स्वतःच्या हाताने लिहायचं, आणि मुलीला विचारलं तर तिला ते सांगता आलं पाहिजे. दोन्ही झालं की पुन्हा या, म्हणाले. विमानतळावरही हेच विचारतील, आणि तिथे ऐनवेळी परत पाठवतील.

बसमध्ये विलुजेंग म्हणाली, "आई, ते कोणाला हाक मारत होते?"

"कागदातल्या मुलीला."

"ती कुठे राहते?"

मी तिला केळ्याची भजी घेऊन दिली. भजी संपेपर्यंत गाव आलं.

४ जून, बुधवार

पार्जोनोला झापलं. म्हटलं, पत्र पुन्हा लिहा आणि या खेपेला नाव विसरू नका.

"तूच लिही ना," म्हणाला.

"तुमचा हात मोडलाय का? बापाच्याच हातचं लागतं."

"एकदा लिहिलं होतं मी. पुरे झालं." आणि फोन ठेवला.

कधी लिहिलं होतं? पत्रात तर जागा मोकळी होती. आळशी माणसाची उत्तरं ही अशी. सासूबाई मागे भाजी निवडत बसल्या होत्या, त्यांना सगळं ऐकू गेलं. एरवी मुलाची बाजू घेऊन भांडल्या असत्या. आज निवडलेली भाजी फेकून दिली आणि देठं टोपलीत ठेवली.

न जाण्याची वेळ येईल असं पहिल्यांदा वाटलं. विलुजेंगने शाळेत सगळ्यांना सांगून ठेवलंय की बाबांना हात लावून बघणार.

८ जून, रविवार

परवा बकरी ईद झाली. घरोघरी मटण आहे, त्यामुळे गाव खुशीत आहे. सासूबाईंनी त्याचाच फायदा घेतला. काल सकाळी पोरीला समोर बसवून म्हणाल्या, "तुझं एक जुनं नाव आहे. जरा जड आहे. आपण ते प्रवासापुरतं उसनं घेणार आहोत. शेजारणीकडून मोठं पातेलं आणतो ना, तसं. काम झालं की घासून परत."

मी थक्कच झाले. ह्या बाईने पाच वर्षं त्या कागदावर बशी ठेवली.

आज पुन्हा लाल आणि पांढरी खीर केली. शेजारी आले, गावच्या मौलवींनी दुवा म्हटली. मग सगळे सासूबाईंकडे बघू लागले, कारण नाव त्यांनीच घ्यायचं होतं. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं. पदराने ओठ पुसले. आणि घेतलं. पूर्ण घेतलं, मोठ्याने, तिन्ही शब्द. नेमकं तेव्हाच स्वयंपाकघरात धाडकन काहीतरी पडलं. आम्ही सगळे जागच्या जागी उडालो. मौलवींनी माझा दंड धरला. जाऊन पाहिलं तर मांजर. मटणाचं झाकण खाली आणि मांजर वर.

हसून हसून पोट दुखलं सगळ्यांचं. विलुजेंग मात्र हसली नाही.

"एवढं सगळं मी?"

"हो."

"कोणी ठेवलं?"

"तुझ्या बाबांनी," सासूबाई म्हणाल्या.

"मग काढलं का?"

"तुला जड झालं होतं, सोने."

"पण तेव्हा मी लहान होते."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी खिरीकडे पाहिलं. मग त्यांनी माझा फोन घेतला आणि सगळ्यांदेखत मुलाला फोन लावला. "पार्जो, मी आज ते मोठ्याने बोलले. पोरगी समोर बसलीय. खिरीची दुसरी वाटी चाललीय. आता तू लिही."

पलीकडून किती तरी वेळ नुसता वाऱ्यासारखा आवाज येत होता. मलेशियात रेंज वाईट आहे.

दुपारी विलुजेंग खेळून आली तेव्हा तिचं कपाळ गरम लागलं. ऊन फार होतं. तरी थर्मामीटर लावून पाहिला. शिकलेल्या बाईने थर्मामीटर लावावा. ताप नव्हता. तासाभराने परत लावला.

१० जून, मंगळवार

पोरगी अंगणात फेऱ्या मारत ते नाव पाठ करतेय. डोक्यावर पुस्तक ठेवते आणि तिन्ही शब्द पडू न देता विहिरीपर्यंत जाते. पुस्तक पडलं की पहिल्यापासून. कोंबड्यांना पाठ झालं असेल एव्हाना.

१४ जून, शनिवार

सुट्टीवर आलेल्या आमच्या गावच्या एका सुताराबरोबर पार्जोनोने पत्र पाठवलं. नाव आहे. पण किती दाबून लिहावं! कागदाच्या पाठीमागून बोट फिरवलं तरी अक्षरं लागतात. एका शब्दावर शाई पसरलीय, पाणी सांडलं असावं. मी ते वाळत घालून इस्त्री केलं.

सुतार म्हणाला, "वहिनी, तुमच्या माणसाला मालक दर वर्षी म्हणतो, जा बाबा घरी. हा जात नाही. ईदच्या दिवशी एकटाच कारखान्यात झोपतो."

म्हणजे जास्तीचं काम खोटं? मी रागावले. मग राग टिकेना.

१७ जून, मंगळवार

सगळं झालं! चष्मेवाल्या साहेबांनी पत्र पाहिलं, पालथं करून पाहिलं, बोट फिरवलं आणि काही न विचारता पुढे ठेवलं. पोरीने नाव सांगितलं. फोटोत तिने हनुवटी इतकी वर केली की दोनदा काढावा लागला.

सासूबाईंच्या बोटांचे ठसे मात्र उमटेनात. जन्मभर वरवंट्यावर मसाला वाटून बोटं गुळगुळीत झालीत. साहेबांनी ओली केली, पुसली, दाबली. शेवटी अंगठ्याने दया केली. "वरवंट्यावर घेतले असते तर लगेच सापडले असते," सासूबाई म्हणाल्या.

तिकिटं सोमवारची काढलीत. शनिवारची स्वस्त होती, पण त्या दिवशी सासऱ्यांच्या मृत्यूचा वार येतो, आणि त्या वारी आमच्या घरातलं कोणी उंबरा ओलांडून लांब जात नाही. ह्यावरही माझा विश्वास नाही. पण सोमवार काही वाईट वार नाही.

२९ जून, रविवार

सासूबाईंचं तिकीट आज नीट पाहिलं. त्यांना आडनाव नाही, नुसतं तुकिनेम. विमानवाल्यांना दोन नावं लागतात, म्हणून त्यांनी 'तुकिनेम तुकिनेम' छापलंय. त्यांना वाचून दाखवलं.

"दुप्पट केलं होय? बघ बाई, ह्या वयात."

"जड वाटतंय का?"

"गुडघे दुखतायत खरे. पण ते आधीपासूनच दुखतात."

१ जुलै, मंगळवार, मुआर

कालचं सगळं आज सकाळी लिहितेय, पार्जोनोच्या खोलीच्या पायरीवर बसून.

निघताना विमानतळावरच्या अधिकारी बाईंनी आधी मलाच धरलं. "तिकडे कामाला चाललात?"

"नाही. नवऱ्याला भेटायला."

"असं सगळेच सांगतात. परतीचं तिकीट?" दाखवलं. नवऱ्याचं पत्र? दाखवलं. मग त्यांनी पासपोर्ट उघडला आणि ते नाव घेतलं. विलुजेंग टाचा जोडून ओरडली, "हजर!" आणि पुढे स्वतःचं नाव, बापाचं, आईचं, आजीचं, इयत्ता, वर्गशिक्षिका, सगळं एका दमात सांगितलं.

बाई हसल्या. "कशाला चाललीस?"

"बाबा घरी येत नाहीत म्हणून."

त्यांचं हसू थोडं बदललं. त्यांनी शिक्का मारला. मागून सासूबाईंना हाक आली, "तुकिनेम तुकिनेम!" आणि त्या दोनदा हजर म्हणाल्या.

क्वालालंपूरला बाहेर आलो. कठड्यापाशी पार्जोनो उभा होता. नव्या शर्टाच्या घड्याही मोडल्या नव्हत्या. केस किती विरळ झालेत, फोनमध्ये कधी दिसलंच नाही. तो वाकला, हात पुढे केले आणि म्हणाला, "बाळा."

पोरगी धावत जाईल असं मला वाटलं होतं. ती गेली नाही. त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली, शाळेत बाईंसमोर राहते तशी, आणि म्हणाली:

"माझं नाव महाराणी चंद्रकिराना कुसुमवर्धनी. बाबा, मला आता पेलतं."

पार्जोनो खालीच बसला. त्या चकचकीत फरशीवर, लोकांच्या बॅगांच्या चाकांमध्ये, आणि लहान पोरासारखा रडला. विलुजेंगने त्याच्या गालाला हात लावून पाहिला, मग कानाला, मग शर्टाच्या बटणाला. सासूबाई म्हणाल्या, "ऊठ मेल्या, लोक बघतायत," आणि स्वतःच त्याच्या शेजारी फतकल मारून बसल्या.

"आई, मला वाटायचं..." तो म्हणाला.

"माहितीये मला. गप बस. नाव तू चांगलंच ठेवलं होतंस."

मी सामानापाशी उभी होते. पाच वर्षं मी त्याच्या खुर्च्यांना शिव्या दिल्या. खुर्च्यांचा काही दोष नव्हता.

पुढच्या ईदला येतो म्हणालाय. नाही आला तर पासपोर्ट आहेतच.

आज सकाळी सासूबाईंनी आठवण केली, गावी गेल्यावर नाव परत करायचंय हं. विलुजेंग म्हणाली, "पण आजी, ते पातेलं आपल्याच घरातलं होतं ना?" सासूबाई बराच वेळ चहा ढवळत बसल्या. "गेल्यावर बघू," म्हणाल्या.

वर ते नाव मी पूर्ण लिहिलंय, आत्ताच लक्षात आलं. लिहून झाल्यावर आत जाऊन पोरीच्या कपाळाला हात लावून आले. बापाच्या दंडावर डोकं ठेवून झोपलीय, कपाळ गार आहे. मग पार्जोनोच्याही कपाळाला लावला.